गाठ कोठे संपते?

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या उतारूंत एखादे तरी कुटुंब असे आढळते, की ज्याला कपड्यांच्या पेटीपेक्षा एका मोठ्या, चपट्या पाकिटाची काळजी अधिक असते. त्या पाकिटात घरातील कोणाच्या तरी मेंदूची चित्रे असतात, आणि हे कुटुंब परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेले असते. डब्यातला दिवा मालविण्यापूर्वी कोणीतरी ती काळी फिल्म उजेडापुढे धरतो आणि शेजारचा हलक्या आवाजात विचारतो, “यात गाठ कोठे आहे हो?”

श्रोतेहो, किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढचा प्रश्न याहून अवघड असतो. गाठ कोठे आहे हे त्यांना दिसतच असते. ती कोठे संपते, हे त्यांना ठरवावयाचे असते. किरण कोठवर पोहोचवावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे. रेषा आखडती घेतली तर रोग मागे राहतो. ती सैल सोडली तर वाचा, दृष्टी, स्मरणशक्ती यांची केंद्रे होरपळतात. या एका प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील वुर्ट्‌सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. मोडलेले हाड आणि शरीरात रुतलेली गोळी या किरणांनी तत्काळ दाखविली. मेंदूपुढे मात्र त्यांचे काही चालेना. कवटीचे हाड किरणांना अडविते, आणि आतला मेंदू व त्यात वाढलेली गाठ ही दोन्ही सारखीच मऊ असल्यामुळे त्यांच्या छायांत भेद उमटत नाही. घराच्या भिंती दिसाव्यात आणि आतली माणसे दिसू नयेत, तशी ही अवस्था होती.

यावर शल्यवैद्यांनी आडमार्ग शोधले. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्यांचा आकार चित्रित केला. लिस्बन येथील एगास मोनिश यांनी १९२७ साली मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अडविणारा द्राव सोडून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जाळे दाखविले. पोकळी एका बाजूस ढकलली गेली आहे, रक्तवाहिनी वाकली आहे, एवढ्यावरून गाठीचे स्थान अनुमानाने काढावयाचे. नदीचा प्रवाह वळलेला पाहून मध्ये खडक असावा असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. खडक आहे हे यावरून कळते. त्याची कड कळत नाही.

कड कळत नसल्यामुळे किरण संपूर्ण मेंदूस देण्याची रीत पडली. ती निरर्थक होती असे मात्र नाही. मेंदूच्या अत्यंत आक्रमक गाठींविषयी अमेरिकेत झालेले एक तुलनात्मक परीक्षण १९७८ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर केवळ शुश्रूषा लाभलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४ आठवड्यांच्या आत दगावले. ज्यांना किरणोपचार मिळाले त्यांच्या बाबतीत हीच मुदत ३५ आठवड्यांपर्यंत लांबली. किरण आयुष्य वाढवितात हे सिद्ध झाले. परंतु वाढलेल्या आयुष्याची किंमत सगळा मेंदू भरत होता.

नव्या युगाचा आरंभ अशा ठिकाणी झाला, की जेथे तो कोणी शोधला नसता. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या विद्यापीठात ॲलन कॉर्मॅक हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. १९५६ साली तेथील ग्रूट स्खूर रुग्णालयात किरणोत्सर्गी द्रव्यांवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आठवड्यातून दीड दिवस आले. किरणोपचाराच्या योजना कशा आखतात हे पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की देह आतून सर्वत्र सारखाच आहे असे गृहीत धरून सारे गणित मांडले जाते. वस्तुतः हाड, स्नायू, फुप्फुस ही किरणांना कमीअधिक अडवितात. मग प्रत्येक बिंदू किती अडवितो, हे बाहेरून घेतलेल्या मोजमापांवरून काढता येईल काय? ॲल्युमिनियम व लाकूड यांच्या चकतीवर प्रयोग करून त्यांनी उत्तर मिळविले आणि ते १९६३ व १९६४ साली प्रसिद्ध केले. जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. त्या लेखाच्या प्रतीसाठी आलेली सर्वांत मनोरंजक मागणी स्वित्झर्लंडमधील हिमलोटांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडून आली होती! गणित्यांच्या ग्रंथभांडारात याच कोड्याची उकल योहान राडोन यांनी १९१७ सालीच लिहून ठेवली होती, हेही कॉर्मॅक यांना पुष्कळ वर्षांनी समजले.

म्हणजे ज्याला आपण आज सी. टी. स्कॅन म्हणतो, त्याच्या एका मुळाशी किरणोपचार नीट आखता यावेत ही तळमळ होती. दुसरे मूळ इंग्लंडात रुजले. ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी ठाऊक झालेल्या ई. एम. आय. कंपनीतील अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी असे यंत्र प्रत्यक्ष बांधले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विंबल्डन येथील रुग्णालयात, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचे चित्र त्याने घेतले. उभ्याआडव्या ८० घरांच्या त्या ओबडधोबड चौकटीत गाठ प्रथमच आपल्या स्वतःच्या रूपाने दिसली. त्याच वर्षी आपले जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अशा छायांवरून मूळ आकृती उभी करण्याची एक सुटसुटीत गणिती रीत प्रसिद्ध केली; त्या दोघांच्या नावाने ती आजही ओळखली जाते. कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पॉल लाउटरबर यांनी १९७३ साली चुंबकीय पद्धतीचे पहिले चित्र प्रसिद्ध केले होते. त्यातून पुढे एम. आर. आय. विकसित झाले आणि मेंदूच्या मऊ भागांतले भेद याहूनही स्पष्ट झाले.

आता कड दिसू लागली होती. परंतु दिसणारी कड खरी मानावी काय? बॉस्टन येथील हॉकबर्ग व प्रुइट यांनी १९८० साली याचा शोध घेतला. आक्रमक गाठ उपचारानंतर पुन्हा उद्भवते ती कोठे, हे त्यांनी सी. टी. चित्रांवरून ताडून पाहिले. बहुतेक वेळा ती पहिल्या कडेपासून दोन सेंटिमीटरांच्या आतच उगवत होती. सगळा मेंदू भाजण्याचे कारण यामुळे उरले नाही. याला जोडून १९८७ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून प्रसिद्ध झालेले दुसरे निरीक्षण ध्यानात ठेवावयास हवे. चित्रातील उजळ कड्याच्या बाहेरून काढलेल्या मेंदूच्या कणांतही रोगाच्या सुट्या पेशी सापडल्या. तात्पर्य, चित्रातली कड आणि रोगाची कड एक नव्हेत. शेताच्या बांधाबाहेर वाऱ्याने उडालेले बी जसे कोठवर गेले हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

आजची योजना या दोन्ही सत्यांवर उभी आहे. रुग्णाचे डोके हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्याबरहुकूम जाळीदार मुखवटा घडवितात. सी. टी. चित्रावरून किरण कोठे किती अडतील याचा हिशेब होतो, एम. आर. आय. चित्र त्यावर तंतोतंत बसवून गाठीची रेषा काढतात. तिच्याभोवती सुमारे दीड ते दोन सेंटिमीटरांची पट्टी सोडतात. मात्र हाडासारखी नैसर्गिक आडकाठी येते तेथे ती आवरती घेतात. डोळ्यांच्या नसा आणि मेंदूचा देठ यांना किती किरण सोसवतील याची मर्यादा घालतात. मग एरवी बहुधा ३० बैठकांत ६० ग्रे एवढी मात्रा दिली जाते.

एवढे करूनही आक्रमक गाठ जिंकली गेलेली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप व कॅनडातील परीक्षणात किरणांना टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर निम्मे रुग्ण जगण्याची मुदत १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेली. मग एवढ्या रेखाटणीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उरलेल्या महिन्यांत माणसाने आपल्या मुलांची नावे घ्यावीत, सहीपुरती का होईना लेखणी धरावी, याला काही मोल आहे की नाही, एवढाच प्रतिप्रश्न मी करीन.

सौम्य जातीच्या गाठींत तर या रेषेचे मोल मोजूनच पाहण्यात आले आहे, आणि तेही परळच्याच रुग्णालयात. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण एका परीक्षणात घेतले गेले. सर्वांना मात्रा एकच, ५४ ग्रे. काहींना ती जुन्या पद्धतीच्या रुंद क्षेत्रातून दिली, काहींना चित्रांच्या आधारे गाठीच्या आकाराबरहुकूम आखलेल्या अरुंद क्षेत्रातून. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय अंतर नव्हते. परंतु पाच वर्षांच्या काळात दुसऱ्या गटातील मुलांची बुद्धिमापनातील कामगिरी सरस राहिली. शरीरातील अंतःस्रावांचे नवे बिघाड पहिल्या गटात ५१ टक्के, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के आढळले.

शाळेत शिकविणाऱ्या माणसास हा निष्कर्ष वाचून थोडा वेळ पुस्तक मिटून बसावेसे वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा प्रत्येक मुलाची बुद्धी हे राज्याचे धन मानले गेले. आजारातून उठलेल्या मुलाने पुन्हा बाकावर बसून पाढे म्हणावेत, यासाठी कोणीतरी कोठेतरी चित्रासमोर तासन्‌तास बसून एक रेषा आत सरकवीत असतो. ते कामही त्याच धनाच्या राखणीचे आहे.

रात्रीच्या गाडीतील त्या कुटुंबास म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. गाठ कोठे आहे हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. आणि त्यांना सवड असेल तर आखलेली योजना पाहून, रेषेबाहेर काय काय राखले आहे, हेही विचारावे.