बेशुद्ध पहारेकऱ्यांचा हिशेब

स्टेल्थ प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला शत्रूच्या नजरेआड राहून काम साधावे लागते. त्यातही एकाही माणसाचा जीव न घेता अख्खा गेम पुरा करण्याचा पायंडा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रुजला. असे खेळताना सर्वांत जास्त डोकेदुखी ठरते ती नकळत झालेली हत्या. ज्याला फक्त बेशुद्ध केले तो पहारेकरी मागाहून पाण्यात बुडतो, छतावरून घसरतो किंवा उंदरांच्या तावडीत सापडतो आणि त्याचा मृत्यू खेळाडूच्या खात्यावर चढतो. तो कोणाच्या खात्यावर चढवायचा, हे काळानुसार आणि गेमनुसार बदलत गेले.

सुरुवातीला असा हिशेब कोणी ठेवतच नव्हते. १९८१ मध्ये बाल्टिमोरच्या म्यूझ सॉफ्टवेअरने सायलस वॉर्नर यांचा ‘कॅसल वुल्फनस्टाइन’ बाजारात आणला. त्यात पिस्तूल रोखले की नाझी पहारेकरी हात वर करी आणि त्याची झडती घेता येई. गोळी झाडायची की नाही हे खेळाडूवर होते. पण ती न झाडण्यात दयामायेचा संबंध नव्हता, गोळ्या मोजक्या असत एवढेच. हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गिअर’ १९८७ मध्ये एमएसएक्स-२ संगणकासाठी आला. एकाच वेळी पडद्यावर पुष्कळ सैनिक आणि गोळ्या हलवणे त्या यंत्राला झेपत नसे, म्हणून युद्धाचा गेम लपतछपत जाण्याचा झाला. पुढे अहिंसक खेळाची मोठी परंपरा ज्या मालिकेत वाढली, तिचा जन्म असा यंत्राच्या अडचणीतून झाला.

कोणी मरता कामा नये अशी अट आधी आली ती निरपराधांपुरती. रेअर कंपनीच्या १९९७ मधील ‘गोल्डनआय ००७’ या गेमच्या फॅसिलिटी मोहिमेत शास्त्रज्ञांची जीवितहानी कमीत कमी ठेवण्याची अट होती. सैनिक हवे तितके मारावेत. पण पांढऱ्या कोटातले, घाबरून सैरावैरा पळणारे शास्त्रज्ञ गोळीच्या वाटेत आले की पंचाईत होई.

सर्वच माणसांना ही अट लावली १९९८ च्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ने. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या या गेमचा नायक गॅरेट पोटापाण्यासाठी चोरी करतो. गेमच्या ‘एक्स्पर्ट’ या सर्वांत कठीण पातळीवर माणसाची हत्या झाली की मोहीम तिथल्या तिथे फसते. कसबी चोर मागे प्रेत सोडत नाही, असा त्यामागचा विचार. काठिण्य वाढवायचे म्हणजे शत्रू दणकट करायचे, ही तोवरची रीत होती. इथे खेळाडूचे हात बांधून तेच साधले. गॅरेटच्या हाती तलवार आहे, पण कामी येतो तो मागून डोक्यात घालायचा ब्लॅकजॅक, म्हणजे आखूड दांडका. त्याने पाडलेला पहारेकरी पुन्हा शुद्धीवर येत नाही, त्यामुळे जिवंत आणि मृत यांतला फरक फक्त नियमापुरता उरतो. नियम कडक असला तरी त्यात एक सोय होती: चूक झाली की त्याच क्षणी कळे आणि मागचा सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडता येई.

आयन स्टॉर्मच्या २००० सालच्या ‘डेउस एक्स’मध्ये सक्ती नव्हती, पण वागण्याची दखल घेतली जाई. पहिल्या मोहिमेनंतर नायकाचा भाऊ पॉल आणि शस्त्रागार सांभाळणारा सॅम कार्टर हे दोघेही झालेल्या रक्तपाताबद्दल बोलून दाखवतात. जमिनीवर पडलेला देह मेलेला आहे की बेशुद्ध, हे नुसते बघून ओळखता येत नसे. जवळ जाऊन त्यावरची पाटी वाचावी लागे.

कोजिमांच्या मालिकेत भूल देणारे पिस्तूल ठळकपणे आले २००१ च्या ‘मेटल गिअर सॉलिड २’मध्ये. झोपलेल्या सैनिकाच्या डोक्यावर ‘झेड’ अक्षरे तरंगतात, तेव्हा शंकेला जागा राहत नाही. ‘मेटल गिअर सॉलिड ३’ (२००४) मध्ये हिशेब चुकता होतो तो नदीत. मृतात्म्यांशी बोलणाऱ्या आणि आता स्वतःही मृत असलेल्या द सॉरो या पात्राच्या प्रसंगात खेळाडूला उथळ पाण्यातून चालत जावे लागते आणि तोवर त्याने मारलेले सैनिक भुतांच्या रूपाने समोरून येतात. ज्याने जीव घेतले नाहीत त्याला नदी जवळजवळ मोकळी मिळते. नकळत मेलेला एखादा सैनिकही इथे भेटतो. हिशेब दाखवण्याची इतकी परिणामकारक तऱ्हा नंतरच्या गेमना क्वचितच साधली. मात्र हाच गेम शेवटी बंदुकीचा चाप खेळाडूलाच ओढायला लावतो. नायकाच्या गुरूवर झाडायची ती गोळी टाळण्याची वाट कथेने ठेवलेलीच नाही.

२००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत अचिव्हमेंट, म्हणजे ठरावीक कामगिरीची खेळाडूच्या नावावर होणारी नोंद, आली, २००८ मध्ये प्लेस्टेशनवर ट्रॉफी आली आणि अहिंसक खेळाला अधिकृत बिरुद मिळाले. तोवर एखाददुसरा मृत्यू खेळाडू मनातल्या मनात माफ करून टाकी. ट्रॉफी माफ करत नाही. आयडॉस मॉन्ट्रियलच्या ‘डेउस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन’ने (२०११) ‘पॅसिफिस्ट’ अचिव्हमेंट ठेवली, मात्र ती मिळाली की नाही हे कळायचे गेम संपल्यावर. शत्रूला जवळून पाडण्याचे बटण हलके दाबले तर माणूस बेशुद्ध होई आणि तेच दाबून धरले तर ठार. घाईत बोट क्षणभर जास्त रेंगाळले की तासन्‌तासांची मेहनत वाया. त्यावर कडी म्हणजे याच गेमच्या मुख्य खलनायकांशी लढताना त्यांना मारण्यावाचून गत्यंतर नव्हते. या हत्या अचिव्हमेंटसाठी धरल्या जात नसत, तरी टीका बरीच झाली. या लढती ग्रिप एंटरटेनमेंट या बाहेरच्या कंपनीकडून करून घेतल्या होत्या. २०१३ च्या ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्तीत त्या रणभूमींची फेररचना करून दुसरे मार्ग दिले गेले.

याच्या उलट टोकाला २००९ चा ‘बॅटमॅन: आर्कॅम असायलम’ आहे. बॅटमॅन कोणाला मारत नाही, म्हणून उंचावरून आपटलेला गुंडही तिथे बेशुद्धच ठरतो. प्रश्न सोडवण्याची ही सर्वांत सोपी आणि काहीशी लबाड युक्ती.

नकळत हत्येचा प्रश्न सर्वाधिक गाजला तो आर्केन स्टुडिओजच्या ‘डिसऑनर्ड’मुळे (२०१२). राफाएल कोलांतोनियो आणि ‘डेउस एक्स’वर काम केलेले हार्वी स्मिथ हे त्याचे दिग्दर्शक. कथेतले डनवॉल शहर उंदरांमुळे पसरलेल्या रोगाच्या साथीने पोखरले आहे. प्रेते वाढली की उंदीर वाढतात, साथीचे रोगी वाढतात आणि शेवट काळवंडतो. गेम याला ‘केऑस’ म्हणतो. पण उंदरांना मेलेला आणि बेशुद्ध यांत फरक करता येत नाही. गळा आवळून पाडलेला पहारेकरी गल्लीत सोडला की उंदरांची झुंड त्याला संपवते. उथळ दिसणाऱ्या पाण्यात टाकलेला बुडतो. कठड्याशी उभ्या असलेल्याला झोपेचा बाण मारला तर तो तोल जाऊन खाली कोसळतो. हे सगळे मृत्यू खेळाडूच्याच खात्यावर. त्यांचा आकडा दिसतो मोहीम संपल्यावरच्या तक्त्यात, तोवर घटनेला तासभर उलटलेला असतो आणि जुना सेव्ह हाताशी नसतो.

यावर खेळाडूंनी रीतीच पाडून घेतल्या. पाडलेला माणूस जमिनीवर सोडायचा नाही. उंदरांना चढता येणार नाही अशा उंचवट्यावर किंवा कचऱ्याच्या मोठ्या पेटीत ठेवायचा. खांद्यावर देह घेऊन उडी मारायची नाही. दर दोन-तीन पहारेकऱ्यांनंतर वेगळा सेव्ह करायचा, एकच पुन्हा पुन्हा पुसून लिहायचा नाही. यातला मुख्य ताण कथेचा नव्हता. थोडे मृत्यू झाले तरी केऑस कमीच राहतो आणि शेवट चांगला होतो. ‘क्लीन हँड्स’ या अचिव्हमेंटला मात्र एकही मृत्यू चालत नाही.

या हिशेबातली मोठी विसंगती उंदरांत नव्हती. नायकाला ज्यांचा काटा काढायचा असतो, त्यांपैकी पेंडलटन बंधूंना न मारण्याचा पर्याय म्हणजे त्यांची जीभ कापून त्यांना त्यांच्याच खाणीत गुलाम म्हणून राबायला पाठवणे. त्यांपैकीच लेडी बॉईलला वाचवायचे म्हणजे तिला बेशुद्धावस्थेत तिच्यामागे लागलेल्या एका माणसाच्या हवाली करणे. तक्त्यात दोन्ही ठिकाणी शून्य दिसते. ज्या गेमने कुरतडलेल्या पहारेकऱ्यासाठी खेळाडूला जबाबदार धरले, त्याने याची नोंद घेतली नाही आणि समीक्षकांनी त्यावर नेमके बोट ठेवले.

त्यानंतर बंधने सैल होत गेली. २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५’मध्ये क्रौर्याची मोजणी पडद्याआड चालते आणि तिचा परिणाम नायकाच्या कपाळात रुतलेल्या, शिंगासारख्या लांबत जाणाऱ्या तुकड्यावर दिसतो. २०१६ च्या ‘डेउस एक्स: मॅनकाइंड डिव्हाइडेड’मध्ये मुख्य शत्रूलाही बेशुद्ध करता येते. ‘डिसऑनर्ड’ मालिकेने २०१७ च्या ‘डेथ ऑफ द आउटसायडर’मध्ये केऑसची व्यवस्थाच काढून टाकली, कोणी मेले तरी शहर त्यामुळे बिघडत नाही.