धीर एकट्याचा नसतो

हवामानबदलाच्या धास्तीवर उपाय विचारला की उत्तर बहुधा एकेकट्याच्या मनापाशी थांबतं: श्वसन, ध्यान, बातम्यांपासून दूर राहणं. परळ-लालबागचा, म्हणजे मुंबईच्या गिरणगावचा, इतिहास वेगळं सांगतो. धीर टिकतो तो माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थांवर. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. आजारपणात, बेकारीत, मयताच्या वेळी गावकरी मंडळं पाठीशी राहिली. खानावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालत आणि त्यासाठी स्वतः सावकाराच्या कर्जात अडकत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा अनेकांना तगवलं ते गावाकडच्या शेतीने आणि अशाच नात्यांनी.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, ही एकी सर्वांची नव्हती. अनेक गिरण्यांत विणकाम खात्याची दारं दलितांना बंद होती. म्हणून वारसा जसाच्या तसा न घेता, त्याची दारं उघडूनच घ्यायला हवा. दुसरा, शेजारधर्म पाऊस थांबवत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दादर-परळचं हिंदमाता तर वर्षानुवर्षं तुंबत आलं आहे. खरं आहे, आणि मुंबईकरांच्या सोशिकपणाचं कौतुक करून प्रशासनाला मोकळं सोडणं अन्यायाचंच. पण गिरणगावची एकी नुसती सोसत नव्हती, ती हक्कही मागत होती. भीतीला मागणीचं रूप देणारी अशी संघटना प्रत्येक वस्तीत पुन्हा उभी राहायला हवी.