यंत्रांतील ठेका

ताल हा मूळचा मनुष्याच्या तळहाताचा धर्म. गेल्या अर्धशतकांत मात्र तो हातापासून सुटून प्रथम पेटींत आणि नंतर संगणकांत जाऊन बसला. मुरबाड-शहापुरासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांतहि आज घरच्या खोलींत, एक संगणक व एक मायक्रोफोन एवढ्यावर, गाणें ध्वनिमुद्रित करतां येतें. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो ठेक्याचा. संगणकांतील तालवाद्यांवरच भागवावयाचें, तर त्यांसाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें? ह्याचें उत्तर जाहिरातींपेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें.

काळ मोजणारें यंत्र जुनें आहे. मेल्झेलनें मेट्रोनोमचें पेटंट १८१५ सालीं घेतलें. परंतु मेट्रोनोम लय दाखवितो, ठेका वाजवीत नाहीं. ठेका वाजविणारी पेटी अमेरिकेंत वुर्लित्झर कंपनीनें १९५९ सालीं 'साइडमॅन' ह्या नांवानें विकावयास काढली. जुन्या रेडिओंत असत तशाच निर्वात नळ्यांतून तिचे आवाज निघत, आणि ठेके असत ते वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट अशा पाश्चात्य नाचांचे.

१९८० सालीं दोन भिन्न मार्ग निघाले. जपानच्या रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ ह्या यंत्रांत आवाज विद्युन्मंडलांतून निर्माण होत. खऱ्या वाद्याचा स्पर्श त्यांस नव्हता. उलट अमेरिकेंत रॉजर लिन ह्यानें एलएम-१ ह्या यंत्रांत खऱ्या वाद्यांवरील आघातच अंकरूपानें सांठवून ठेवले. टीआर-८०८ लवकरच मुंबईस आलें. चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग ह्यांनीं १९८२ सालीं तें वापरून दहा राग ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी त्या वेळीं फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हा निघाली, तेव्हां परदेशांतहि तिची वाखाणणी झाली. त्यांनीं यंत्राकडून तबल्याची नक्कल करविली नाहीं. यंत्राचा स्वभाव ओळखून त्यांनीं तो तसाच वापरला, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्याच दशकांत बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण ह्यांच्या राडेल कंपनीनें 'तालमाला' हा इलेक्ट्रॉनिक तबला बाजारांत आणला. येथें उद्देश रियाजाच्या साथीचा होता. घरीं एकट्यानें बसलेल्या गायकास त्यामुळें समेवर येण्याचा अभ्यास करतां येऊं लागला.

१९८३ सालीं मिडी हा संकेत रूढ झाला. कोणता आघात केव्हां व किती जोरानें पडला, हें तो आंकड्यांत लिहितो. जोराच्या पायऱ्या १ ते १२७. १९९६ सालीं जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनें व्हीएसटी ही पद्धति जाहीर केली, आणि पुढें थोड्याच वर्षांत पेटीची गरज सरून सॉफ्टवेअर हेंच वाद्य झालें.

अशा बहुतेक सॉफ्टवेअरांत पाश्चात्य ड्रमसेट असतो. आपलीं वाद्यें निराळीं आहेत. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२० सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत दाखविलें, कीं शाईच्या लेपामुळें तबला-मृदंगाच्या पुडींतून स्वरमेळांत बसणारे उपस्वर निघतात. साध्या ताणलेल्या चामड्यांतून ते तसे निघत नाहींत. शिवाय डग्ग्यावर तळहाताचा दाब देतांच आघातानंतरहि स्वर वरखालीं सरकतो. हा घुमारा एकाच सांठविलेल्या आघातांत मावत नाहीं.

म्हणून निवड करतांना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, एकाच बोलाचे हलके-भारी असे पुष्कळ निरनिराळे आघात त्यांत असावेत. तोच एक आवाज लहानमोठा करून दिलेला असला, तर लागोपाठचे बोल टंकलेखनयंत्राच्या टकटकीसारखे लागतात. दुसरी, मात्रांची संख्या आपणांस ठरवितां यावी. केवळ चारांच्या हिशेबानें चालणाऱ्या साधनांत आठ मात्रांचा भजनी ठेका बसतो. सात मात्रांचा रूपक व दहांचा झपताल अडखळतात. तिसरी, आपण स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आघात त्यांत घालतां यावेत.

मुरबाडांत ह्या तिसऱ्या गोष्टीचें मोल अधिक आहे. लग्नांतील ढोलकी, ठाकरांच्या नाचांतील ढोल, भजनी मंडळांतील मृदंगाचा कणीक लावून उतरविलेला डावा स्वर, हे आवाज परदेशीं तयार झालेल्या संचांत सहसा मिळत नाहींत. प्रत्येक संचांत तो बनविणाराचा कान असतो. केवळ तयार संचावर भागविणाराच्या गाण्यांतून आपल्या गांवचा ढोल हळूहळू नाहींसा होईल, आणि तो गेल्याचें त्याला कळणारहि नाहीं. ह्यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. गांवांतील वादकास योग्य मोबदला देऊन एक दुपार बोलवावें, त्याचा प्रत्येक बोल दहा-बारा वेळां निरनिराळ्या जोरानें वाजवून घ्यावा, आणि वादकाचें नांव त्या संचाबरोबर जपावें. त्यास मान्य असेल तरच ते आवाज इतरांस द्यावेत. असें करूं देणारें साधन, मग तें विनामूल्य मिळणारें कां असेना, आपल्या घरासाठीं योग्य समजावें.