हुंगलेली वाफ मेंदूत काय करते?

स्टेशनवर रुमाल नाकाशी धरून बसलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. त्या रुमालात असतं व्हाइटनरचं थिनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन. ते मेंदूत नेमकं काय करतं, हे कळायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं लागली.

१६ ऑक्टोबर १८४६, बॉस्टन. विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला इथर हुंगवलं आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत जेम्स सिम्प्सनने मित्रांसोबत क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं, तर सगळे आडवे! भूल सापडली, पण ती का येते ते कुणालाच माहीत नव्हतं.

१९०० च्या आसपास हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हर्टन यांना स्वतंत्रपणे एक गोष्ट दिसली: जो पदार्थ ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतो, तो जास्त गुंगी आणतो. पेशीचं आवरण स्निग्धच असतं. म्हणजे वाफ तिथे मुरते आणि पेशी सुस्तावते, असं अनेक दशकं मानलं गेलं.

१९८४ मध्ये लंडनच्या निक फ्रँक्स आणि बिल लीब यांनी काजव्याचं चमकणारं प्रथिन घेतलं. त्यात चरबी अजिबात नव्हती, तरी भुलीच्या औषधांनी ते मंदावलं. म्हणजे खरा नेम प्रथिनांवर असू शकतो.

मग नजर गेली रिसेप्टरवर, म्हणजे पेशीला निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांवर. गाबाचा रिसेप्टर हा मेंदूचा ब्रेक. ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर शिकायला आणि लक्षात ठेवायला लागतो. थिनरमध्ये सापडणारं टोल्युइन एनएमडीएला अडवतं, हे १९९८ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. ते गाबाचा ब्रेकही जास्त दाबतं, हे त्यानंतर कळलं. दारूसुद्धा याच दोन ठिकाणी हात घालते.

पण ऑपरेशन थिएटरमध्ये डोस मोजायला आणि श्वासावर लक्ष ठेवायला डॉक्टर असतो. प्लॅटफॉर्मवर कोण असतं? वर्षानुवर्षं हुंगल्यावर टोल्युइन मज्जातंतूंचं आवरणच खराब करतं. शिवाय हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी जीवही जाऊ शकतो.

२०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली. सोल्यूशन मात्र आजही सहज मिळतं. म्हणून असं मूल दिसलं तर हाकलू नका, १०९८ ला फोन करा. हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, आत्ताच सेव्ह करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!