मळसूत्राचे आटे

विमान पडलं की सगळ्यांचे कान कॉकपिटमधल्या टेपकडे लागतात. शेवटची दहा मिनिटं, शेवटचा शब्द. अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट 261 चीही अशी टेप आहे, 31 मिनिटांची, आणि ती वाचून रात्रभर झोप लागत नाही हे कबूल. पण या अपघाताचा घटनाक्रम टेपपासून लावला तर हाती फक्त शेवट येतो. त्याची सुरुवात एका तक्त्यात आहे. तक्ता ग्रीसचा: किती तासांनी मारायचं आणि किती तासांनी तपासायचं, याचा.

आधी तो भाग कोणता ते सांगायला हवं. एमडी-83 या विमानाची शेपटी इंग्रजी ‘टी’सारखी असते. उभ्या सुकाणूच्या डोक्यावर आडवा पंख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 40 फूट. त्या पंखाची पुढची कड किंचित वर-खाली झाली की विमानाचं नाक खाली-वर होतं. ती कड हलवतं एक पोलादी मळसूत्र, साधारण दोन फूट लांब. ते फिरतं एका नटातून, आणि नट असतो मऊ धातूचा, ॲल्युमिनियम-ब्राँझचा. मऊ मुद्दामच ठेवलेला. झिजायचं ते नटाने झिजावं, वेळेवर बदलावं, मळसूत्र शाबूत राहावं, असा हिशेब. या हिशेबाला एकच अट: दोघांच्या मध्ये वंगण हवं. आणि दुसरी गोष्ट, जी अट म्हणून कुणी लिहिली नव्हती: नटाचे सगळे आटे गेले तर पंख धरून ठेवायला दुसरं काहीच नाही.

1987 ते 1996

1987 मध्ये अलास्का एअरलाइन्स या मळसूत्राला दर 500 उड्डाण-तासांनी ग्रीस मारत होती. 1988 मध्ये 500 चे 1,000 झाले. 1991 मध्ये 1,200. 1994 मध्ये 1,600. 1996 मध्ये तासांची अटच गेली आणि तक्त्यात लिहिलं गेलं, ‘दर आठ महिन्यांनी’. विमानं तेव्हा इतकी पळवली जात होती की आठ महिने म्हणजे सुमारे 2,550 तास. नऊ वर्षांत अंतर पाचपट. एका झटक्यात 500 चे 2,550 करा म्हटलं असतं तर कुणीतरी टेबलावर हात आपटला असता. पायरीपायरीने गेल्यावर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच उंच दिसते. आणि प्रत्येक पायरी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, नजरेखालून गेली होती.

तपासणीचंही तसंच झालं. नट किती झिजला ते पाहण्यासाठी मळसूत्र वर-खाली हलवून ‘प्ले’ मोजतात. 1985 मध्ये ही मोजणी दर 5,000 तासांनी होती. 1996 पर्यंत ती 30 महिन्यांवर गेली, म्हणजे साधारण 9,550 तास.

बैलगाडीचं चाक वंगणावाचून कुरकुरतं, गाडीवान शिव्या घालत का होईना पण आसाला तेल घालतो. हे मळसूत्र जमिनीपासून कितीतरी उंच, शेपटीच्या आत, पत्र्यांच्या मागे. त्याची कुरकुर ऐकू येत नाही.

27 सप्टेंबर 1997, ओकलंड

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या हँगरमध्ये एन963एएस या विमानाची, म्हणजे पुढे फ्लाइट 261 म्हणून उडालेल्या विमानाची, मोठी तपासणी चालू आहे. विमान पाच वर्षांचं. प्ले मोजला, आला 0.040 इंच. म्हणजे एक मिलिमीटर. परवानगी 0.003 ते 0.040 पर्यंत. बरोबर काठावर. पाळीच्या मुख्य मेकॅनिकने कागदावर लिहिलं: प्ले कमाल मर्यादेवर आहे, नट बदला.

30 सप्टेंबर 1997

दुसऱ्या पाळीने पुन्हा मोजलं. आकडा 0.033. पाचदा मोजलं, तोच आकडा. नियमात बसतो. नट बदलायचा शेरा रद्द, विमान उडायला मोकळं.

यात कुणी नियम मोडला का? कागदावर तरी नाही. 0.033 हे 0.040 पेक्षा कमीच असतं. पण मोजण्याचं साधन कंपनीने स्वतःच बनवलेलं होतं, बोइंगच्या मापांबरहुकूम नसलेलं, आणि मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याहूनही कमी फरक अशा साधनावर, अशा जागी हात घालून वाचायचा होता. इथे मला त्या पहिल्या मेकॅनिकबद्दल वाटतं ते सांगून टाकतो. त्याने यंत्राकडे पाहून लिहिलं, पुढच्या पाळीने तक्त्याकडे पाहून खोडलं. दोन्ही कामंच आहेत. पण एकाच कामात विमान दिसत होतं.

30 महिन्यांच्या हिशेबाने पुढची मोजणी: मार्च 2000.

24 सप्टेंबर 1999, सॅन फ्रान्सिस्को

ग्रीस मारण्याची पाळी आली. तपासात हे काम ज्याच्याकडे होतं त्या मेकॅनिकने सांगितलं, साधारण तासाभराचं काम आहे. विमान बनवणाऱ्यांच्या अभियंत्यांच्या मते नीट करायचं तर चार तास लागतात. झडपेतून हात जेमतेम आत जातो. पंप लावून ग्रीस दाबायचं, मळसूत्राच्या सगळ्या आट्यांवर हाताने पसरायचं, मग मळसूत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं म्हणजे ते नटात मुरतं. एक तास आणि चार तास यांच्या मधले तीन तास कुठे गेले, याचं उत्तर पुढे समुद्रातून वर आलं.

नटाचे आटे तोपर्यंत दर हजार तासांना 0.012 इंच या वेगाने झिजत होते. अपेक्षित झीज याच्या सुमारे बारावा हिस्सा.

31 जानेवारी 2000, दुपारी 1:37 (पॅसिफिक वेळ)

मेक्सिकोतलं पोर्तो वायार्ता. समुद्रकाठचं सुट्टीचं गाव. विमान सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिॲटलला निघालं. 83 प्रवासी, पाच कर्मचारी. प्रवाशांत कंपनीत काम करणारे आणि त्यांचे नातेवाईक बरेच. कॅप्टन 53 वर्षांचे, फर्स्ट ऑफिसर 57 चे. ओकलंडच्या मोजणीनंतर विमान सुमारे 8,900 तास उडून झालं आहे.

1:49

विमान 23,400 फुटांवर, अजून चढतं आहे. शेपटीचा पंख 0.4 अंशांवर, नाक खाली करणाऱ्या बाजूला, आला आणि अडकला. उरलेसुरले आटे मळसूत्रात रुतून बसले होते. यानंतर दोन तास वीस मिनिटं तो हलणार नव्हता.

1:53

ऑटोपायलट सुटला. पंख अडकलेला, नाक खाली ओढतं आहे, म्हणून वैमानिकांनी हातांनी विमान 31,000 फुटांवर नेलं. चढताना दांडा 50 पौंडांपर्यंतच्या जोराने मागे ओढून धरावा लागत होता. वर गेल्यावर ओढ हळूहळू कमी झाली. जवळजवळ दोन तास त्यांनी विमान असंच हाताने नेलं.

परत का फिरले नाहीत? हा प्रश्न नंतर पुष्कळांनी विचारला. विमानात इंधन भरपूर, वजन उतरण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि हवेत इंधन सोडून देण्याची सोय या विमानात नाही. चेकलिस्टमध्ये ट्रिम, म्हणजे शेपटीचा पंख हलवणारी यंत्रणा, अडकल्यास काय करायचं ते होतं, ‘लगेच उतरा’ असं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने बिघडली होती मळसूत्र फिरवणारी एक मोटर. मळसूत्र नटातून निसटू शकतं, हे कुणी कधी त्यांना शिकवलंच नव्हतं.

3:49

टेप इथे सुरू होते. कॅप्टन कंपनीच्या सिॲटलमधल्या डिस्पॅचरशी बोलताहेत. त्यांना लॉस एंजेलिसला उतरायचं आहे. डिस्पॅचर सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने कौल देतो, वेळापत्रकाचं बोलतो. कॅप्टन चिडलेले आहेत, पण सभ्यपणे. वारे विचारून घेतात, धावपट्टी ओली आहे का विचारतात, आणि लॉस एंजेलिसवर ठाम राहतात. मग तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाशी बोलणं. हा स्विच पाहिला का, तो पाहिला का. पाहिले, सगळे पाहिले.

4:09

पुन्हा एकदा मोटर लावून पाहायचं ठरलं. मधल्या काळात पुन्हा लावलेला ऑटोपायलट सोडला, ट्रिम चालू केला.

अडकलेलं सुटलं. मळसूत्र नटातून सर्रकन वर ओढलं गेलं, आटे नव्हतेच धरायला. खालच्या टोकाचा थांबा नटाच्या बुडाला येऊन आदळला आणि तिथे अडला. विमानाने नाक टाकलं. 80 सेकंदांत सुमारे सात हजार फूट. दोघांनी मिळून दांडा ओढला, 130 ते 140 पौंडांचा जोर, आणि 23-24 हजार फुटांच्या दरम्यान विमान सावरलं.

आता अख्खा पंख त्या एका थांब्यावर आणि मळसूत्राच्या पोटातल्या एका नळीवर टांगलेला आहे. तो भार पेलायला ती नळी बनवलेली नव्हती. तरी तिने दहा मिनिटं पेलला.

4:10 ते 4:17

कॅप्टन नियंत्रकाला कळवतात, उंची राखायला 20 ते 25 हजार फुटांमधली मोकळी जागा मागून घेतात. प्रवाशांना सांगतात, नियंत्रणाचा प्रश्न आहे, लॉस एंजेलिसला उतरतोय. आणि मग एक विनंती, जी वाचताना मी दरवेळी थांबतो: उतरण्यापूर्वी विमानाची मांडणी बदलून पाहायची आहे, ती समुद्रावर करू द्या, वस्तीवर नको. पंखांच्या झडपा उघडल्यावर काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे लॉस एंजेलिस होतं.

विमान 17-18 हजार फुटांवर आलं.

4:17 ते 4:19

पंखांच्या पुढच्या झडपा, म्हणजे स्लॅट, बाहेर; मागच्या, म्हणजे फ्लॅप, 11 अंशांवर. विमान बऱ्यापैकी स्थिर वाटलं. पुन्हा आत घेतले. मोटरशी आणखी खेळून पाहावं की नको यावर दोघांत बोलणं झालं. फर्स्ट ऑफिसरचं मत सरळ होतं: आता काही करू नका, उतरवू या. टेपवर बारीकसा ठोका ऐकू येतो. फ्लॅप पुन्हा बाहेर येऊ लागले. ठोक्यानंतर 15 सेकंदांनी प्रचंड आवाज. नळी तुटली, शेपटीच्या टोकाचं आवरण फाटलं, आडवा पंख कधी जाऊच नये अशा कोनात गेला.

नाक 70 अंश खाली.

4:20

आसपासच्या विमानांना नियंत्रकाने या विमानावर नजर ठेवायला सांगितलं होतं. त्यांच्या वैमानिकांनी ते उलटं होताना पाहिलं आणि रेडिओवर सांगितलं. आत दोघं हरलेले नव्हते. विमान उलटं झालं आहे तर उलटंच उडवू, मग हळूहळू सुलट करू, अशा सूचना एकमेकांना देत होते, झडपा-सुकाणू सगळं वापरून पाहत होते. 80 सेकंद हे चाललं.

4:21 च्या सुमारास

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या अनाकापा बेटाच्या उत्तरेला जेमतेम तीन मैलांवर विमान पाण्यावर आदळलं. 88 जणांपैकी कुणी वाचलं नाही. किनाऱ्यावरून कोळ्यांच्या बोटी निघाल्या, अंधार पडेपर्यंत आणि पडल्यावरही फिरत राहिल्या. काढण्यासारखं जे होतं ते त्यांनी हातांनी काढलं.

फेब्रुवारी 2000

मळसूत्र समुद्राच्या तळातून वर आणलं गेलं. त्याच्या मधल्या भागाला धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली होती, स्प्रिंगसारखी. ते नटाचे आटे होते. नटाच्या आतली बाजू जवळजवळ गुळगुळीत. मळसूत्र नटात जिथे फिरतं त्या भागावर कामाचं म्हणावं असं ग्रीस नव्हतं आणि नटात ग्रीस जायच्या भोकात वाळून कडक झालेला गाळ होता. आटे तुटण्यापूर्वीच त्यांची नव्वद टक्के जाडी झिजून गेली होती. विमान दुपारी 1:37 ला सुटलं तेव्हा पंख धरून होता तो उरलेला दहावा हिस्सा.

11 फेब्रुवारीला एफएएने तातडीचं एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढलं. हा प्रकार सल्ल्याचा नसतो. तो पाळल्याशिवाय विमान उडवताच येत नाही. डीसी-9 पासून बोइंग 717 पर्यंत या घराण्यातल्या सगळ्या विमानांची मळसूत्रं पाहा, मुदत 72 तास. ग्रीस दर 650 तासांनी. प्लेची मोजणी दर 2,000 तासांनी.

तपास मंडळाचा अहवाल डिसेंबर 2002 मध्ये आला. अपुरं वंगण हे कारण, वाढवलेली अंतरं आणि त्यांना मिळालेली मंजुरी ही साथीची कारणं, आणि आटे गेले तर सावरायला दुसरं काही नसलेली रचनाही त्यात आली. ही रचना 1965 मध्ये डीसी-9 सोबत मंजूर झाली होती. तेव्हा मळसूत्राला ग्रीस मारायचं अंतर 300 ते 350 तास धरलं होतं.