गंगामूळ ते वरुणा

म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपुराच्या रस्त्याला लागले की काही कोसांवर वरुणा गाव येते. पाहुण्यांना आम्ही राजवाडा आणि चामुंडीची टेकडी दाखवितो. वरुण्याला मुद्दाम कोणी थांबत नाही. पण मुलींच्या शिक्षणाचा हिशेब मांडावयाचा, तर तो अशाच गावापाशी नेऊन ताडावा लागतो.

हा विषय निघाला की आपण मराठी माणसे पुण्याच्या भिडे वाड्यापाशी, १८४८ सालापाशी पोहोचतो. ते यथार्थच आहे. मात्र त्याच काळातील एक प्रकरण या कन्नड मुलखातले आहे. अनंतशास्त्री डोंगरे पुण्यास शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविण्याचा निश्चय केला. भोवतालचा समाज खवळला. उडुपीस पंडितांपुढे त्यांना शास्त्राधाराने उत्तर द्यावे लागले. अखेर सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. आईनेच त्यांना संस्कृत शिकविले, तेही पहाटे, घरकामास हात लावण्यापूर्वी. याच पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हवेत, असे सांगितले.

एक वर्ष आधी, १८८१ साली, महाराज चामराजेंद्र वडेयर यांच्या कारकिर्दीत अंबळे नरसिंह अय्यंगार यांनी म्हैसुरात महाराणी कन्याशाळा काढली. संगीत आणि संस्कृत ठेवल्याने कर्मठ घरांचा विरोध मावळला; ही युक्ती आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते. पुढे तिचेच महाविद्यालय झाले. परंतु ती शाळा राजधानीतली, आणि आरंभी उच्चवर्णीय मुलींचीच. वरुण्याच्या शेतकऱ्याच्या लेकीला तिचा काय उपयोग?

१९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरांत एक स्त्रीही साक्षर नव्हती. २०११ मध्ये म्हैसूर जिल्ह्यात साक्षर पुरुष शेकडा सुमारे ७८ आणि स्त्रिया सुमारे ६७ होत्या. तरुण पिढीत हे अंतर पुष्कळ मिटत आले आहे. उरले ते मुख्यतः आज्यांच्या पिढीचे.

त्या आज्या आपल्याही घरांत होत्या. आमच्या मंडळाच्या पहिल्या वर्गणीवहीत काही ठिकाणी सहीऐवजी अंगठा आहे आणि शेजारी नुसते ‘यांच्या मातोश्री’ एवढेच लिहिले आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही त्यांची नावे भरावयास घेतली. नातवंडांनाही काही नावे आठवली नाहीत. त्या जागा अजून कोऱ्या आहेत.