समुद्राची मोजदाद

द्रोणागिरीच्या पायथ्याशी करंजाचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगत आले. त्या दर्याची शास्त्रीय मोजदादही जुनीच आहे. १९२१-२२ साली मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' ह्या वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलरने मुंबईनजीकच्या समुद्रात मासळीचा शोध घेतला. महायुद्धोत्तर अन्नटंचाईत, १९४६ साली, मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले. १९८३ साली त्याचेच 'भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण' झाले. तेव्हा प्रश्न होता, मासे किती मिळतील? आज प्रश्न आहे, मागे किती राखावेत? म्हणूनच जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते. संत योहानाच्या शुभवर्तमानातही शिष्यांनी ओढलेल्या मोठ्या माशांची संख्या १५३ अशी नोंदलेली आहे. आणि जाळे फाटले नाही. देणगीचा हिशेब ठेवणे हीदेखील कृतज्ञताच, असे आम्ही मानतो.